पोस्टर करणाऱ्याला तालमीत येऊ द्या

सर्व नाट्यनिर्माते, नाट्यसंस्थांचे पदाधिकारी आणि दिग्दर्शक यांना,

सप्रेम नमस्कार.

नाटकाची तारीख ठरते, नाट्यगृह मिळतं, वर्तमानपत्रातली जागा धरून ठेवली जाते आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की पोस्टर राहिलंय. त्या दिवशी आम्हाला फोन येतो. नटांचे फोटो, नावांची यादी, प्रायोजकांचे लोगो आणि 'परवा सकाळी छपाईला द्यायचंय' एवढा निरोप. नाटक कशाबद्दल आहे असं विचारलं की दोन वाक्यांत गोष्ट कळते. संहिता मागितली की 'ती वाचत बसलात तर काम कधी होणार?' असं, अगदी आपुलकीनं, ऐकवलं जातं.

मी इलस्ट्रेटर आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकांतली कथाचित्रं आणि नाटकांची पोस्टर यांवर माझं घर चालतं, आणि त्यातलं नाटकाचं काम मला सर्वांत जवळचं आहे. त्या जवळिकीपोटीच हे लिहितो आहे. माझी मागणी एकच: पोस्टर करणाऱ्याला प्रसिद्धीच्या खर्चातून बाहेर काढा आणि नाटकाच्या मंडळींत बसवा. नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार, संगीतकार जिथे बसतात तिथे. या पत्रात पुढे मी आणखी बरंच काही मागणार आहे, पण ते सगळं या एकाच मागणीच्या पोटात आहे.

पुस्तकाचं मुखपृष्ठ करताना लेखन पूर्ण झालेलं असतं. हस्तलिखित घरी न्यायचं, वाचायचं, लेखकाला फोन करायचा, पुन्हा वाचायचं. शब्द आता बदलणार नसतात. नाटकाचं तसं नाही. पोस्टर करायची वेळ येते तेव्हा नाटक घडत असतं. संहिता हातात आली तरी ती म्हणजे नाटक नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीच संहिता एका दिग्दर्शकाच्या हाती घुसमटीची होते आणि दुसऱ्याच्या हाती तिला हसू फुटतं. कुठे थांबायचं, कुठे पाठ फिरवायची, कोणतं वाक्य गिळून टाकायचं हे तालमीत ठरतं आणि नाटकाचा रंग त्यावर ठरतो. म्हणजे आम्हाला जे चित्र काढायचं आहे त्याचा विषय तालमीच्या खोलीत तयार होत असतो, आणि नेमकं तिथेच आम्हाला बोलावलं जात नाही.

एक उदाहरण सांगतो. घर विकण्यावरून भावंडांत होणाऱ्या भांडणाचं नाटक होतं. संहिता वाचली आणि हाताशी आलं ते काढत गेलो: तडा गेलेली भिंत, किल्लीचा जुडगा, रिकामी आरामखुर्ची. वाईट नव्हती ती रेखाटनं. पण घराविषयीच्या कुठल्याही नाटकाला ती चालली असती. दिग्दर्शिकेनं ती पाहिली आणि म्हणाली, तालमीला या. नेपथ्य उभं राहिलेलं नव्हतं. फरशीवर पांढऱ्या चिकटपट्ट्यांनी खोल्या आखल्या होत्या आणि दार येणार तिथे पट्टीत फट सोडली होती. सगळे नट त्या फटीतूनच आत-बाहेर करत होते, इतक्या सवयीनं की थोड्या वेळानं मलाही भिंती दिसायला लागल्या. मग भांडणाचा प्रवेश आला. धाकट्या भावाचं काम करणारा नट वाक्याच्या भरात पट्टी ओलांडून सरळ भिंतीतून चालत गेला. मोठ्या बहिणीचं काम करणाऱ्या नटीनं हात पुढे केला, तो आपटेल म्हणून. भिंत नव्हती हे तिला माहीत होतं, तरी हात गेला. दिग्दर्शिकेनं प्रवेश थांबवला, सगळे हसले, पुन्हा सुरुवात झाली.

मला पोस्टर तिथे मिळालं. काळसर फरशी, तिच्यावर एक पांढरी पट्टी आणि ती ओलांडणारं अनवाणी पाऊल. चित्रात घर कुठेच नव्हतं. नाटकाचं नाव लिहिताना त्याची शिरोरेषा म्हणजेच ती पट्टी केली आणि जिथे दाराची फट होती तिथे दोन शब्दांमधली जागा आणली. लेखकानं हे चित्र संहितेत लिहिलेलं नव्हतं आणि घरी बसून मला ते कधीच सुचलं नसतं. ते नाटक करणाऱ्यांच्या अंगात आलेलं होतं. मी फक्त तिथे हजर होतो.

तालमीत आम्ही येऊन काय करणार, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. त्याचं उत्तर म्हणून वरचा प्रसंग लिहिला.

शिरोरेषेचा उल्लेख आलाच आहे तर अक्षरांबद्दलही बोलायला हवं. देवनागरीतलं नाव दोन्ही बाजूंना वाढतं. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे लोंबते पाय. नाव दोन ओळींत लिहायचं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकणार नाहीत एवढी जागा सोडावी लागते, किंवा मग ते अडकणंच रचनेचा भाग करावं लागतं. वेलांटी डोक्यावरून किती लांब न्यायची, काना किती ताणायचा, गाठ गोल ठेवायची की तोडायची, यावर नाटक शोकांत वाटणार की फार्स वाटणार हे ठरतं. 'नाव जरा मोठं करा' ही सूचना येते तेव्हा ती मापापुरती असते असं समजलं जातं. पण नाव मोठं केलं की वेलांटी चित्रातल्या चेहऱ्यावर चढते, उकार तारखेच्या ओळीत घुसतो आणि सगळी रचना पुन्हा मांडावी लागते. आणि शेवटच्या क्षणी नाटकाचं नावच बदललं, तर बदलतं ते अख्खं चित्र. टाइप करून नवं नाव टाकता येत नाही.

मराठी वाचकाला हे नव्यानं सांगण्याची खरं तर गरज नाही. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी नाटकांची नावं अशी काढली की जाहिरातींच्या गर्दीतही नाव वाचण्याआधी नाटकाचा स्वभाव कळायचा. २०२० मध्ये ते गेले. त्यांची अक्षरं अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत, त्यांतली कितीतरी नाटकं रंगमंचावरून केव्हाच उतरली तरीही. छोट्याशा काळ्या-पांढऱ्या चौकटीत, फोटो नाही, रंग नाही, नुसत्या अक्षरांवर त्यांनी हे केलं. ते काम 'जाहिरात' म्हणून खर्चाला टाकलं गेलं असेल, पण प्रेक्षकाच्या लेखी ते नाटकच होतं.

आता जरा मागे जातो, कारण मी जे मागतो आहे ते कधी कुठे झालंच नाही असं नाही.

१८९४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांना 'जिस्मोंदा' या नाटकासाठी तातडीनं पोस्टर हवं होतं. सणाच्या सुट्ट्यांचे दिवस. लेमेर्सिए यांच्या छापखान्यात आल्फोन्स मुखा नावाचा तेव्हा फारसा परिचित नसलेला इलस्ट्रेटर काम करत होता. काम त्याच्याकडे गेलं. १ जानेवारी १८९५ ला ते पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर लागलं: दोन मीटरहून उंच, अरुंद, फिकट रंगांचं, हातात ताडाची फांदी घेतलेली बाई. त्या काळची रस्त्यावरची पोस्टर भडक आणि उसळती असायची. हे शांत उभं होतं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तेही घाईतच झालं की. खरं आहे. पण बर्नहार्ट यांनी त्यानंतर काय केलं ते पाहा. त्यांनी मुखा यांच्याशी सहा वर्षांचा करार केला आणि त्यांना थेट आपल्या रंगमंचावर नेलं. मुखा यांनी त्यांच्यासाठी पोस्टर तर केलीच, शिवाय वेशभूषा, दागिने, नेपथ्य यांतही हात घातला. 'लोरेंझाचिओ', 'मेदे', 'हॅम्लेट' यांची पोस्टर आतल्या माणसानं केलेली आहेत. 'मेदे'च्या पोस्टरवरचं सर्पाकृती कंकण बर्नहार्ट यांना इतकं आवडलं की त्यांनी तसा दागिना प्रत्यक्ष घडवून घेतला. पोस्टरवरची वस्तू रंगमंचाच्या जगात येते, कारण पोस्टर करणारा त्या जगातलाच असतो. एका मोठ्या अभिनेत्रीला, जी स्वतःची निर्मातीही होती, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. घाईतलं एक काम साधून जातं. नंतरची कामं साधण्यासाठी माणूस जवळ ठेवावा लागतो.

त्याच शहरात त्याआधी, १८९२ मध्ये, आरिस्तिद ब्रुआं या गायकाचं पोस्टर चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं केलं. मोठा काळा झगा, लाल मफलर, रुंद कडांची टोपी, सपाट रंग. ज्या ठिकाणी कार्यक्रम होणार होता तिथल्या व्यवस्थापकाला ते मुळीच आवडलं नाही आणि ब्रुआंनं सांगितलं की हेच पोस्टर लागेल, नाहीतर मी गाणार नाही, अशी हकिकत सांगतात. आमच्या व्यवसायात ही गोष्ट वारंवार निघते, कारण आमच्या बाजूनं उभं राहणारा कलावंत क्वचित मिळतो. दिग्दर्शकांना माझी विशेष विनंती इथे आहे. नेपथ्यासाठी तुम्ही निर्मात्याशी भांडता, दिव्यांसाठी भांडता. पोस्टर आलं की मात्र 'ते प्रॉडक्शनचं बघतील' म्हणून बाजूला होता. प्रेक्षक तुमच्या नाटकाबद्दल पहिलं मत त्या कागदावरून करतो. ते मत तुमच्याच नाटकाबद्दलचं असावं, अशी तुमची इच्छा नाही का?

पोलंडचंही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हेन्रिक तोमाशेव्स्की, यान लेनित्सा, फ्रांचिशेक स्तारोव्हेय्स्की अशा चित्रकारांनी नाटक, ऑपेरा आणि सिनेमांची जी पोस्टर केली त्यांना पुढे जगभर मान मिळाला. लेनित्साचं १९६४ चं 'वोझेक' ऑपेराचं पोस्टर डोळ्यांसमोर आणा: लाल रंगाच्या लाटा एकीतून एक उठत जातात आणि मध्यभागी एक उघडं तोंड. गायकाचा फोटो नाही, प्रसंग नाही. पाहणाऱ्याला किंकाळी ऐकू येते. १९६६ मध्ये वॉर्सात आंतरराष्ट्रीय पोस्टर द्वैवार्षिक सुरू झालं आणि १९६८ मध्ये तिथल्या विलानूव्हला पोस्टरचं वेगळं संग्रहालय उघडलं. त्या व्यवस्थेचे दोष मला माहीत आहेत. ग्राहक म्हणजे सरकार होतं, डोक्यावर सेन्सॉर होता, आणि तिकीटविक्रीची जी चिंता तुम्हाला रात्री झोपू देत नाही ती तिथे तशी नव्हती. ती व्यवस्था मला नको आहे. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे: काम देणारा चित्रकाराला विचारायचा, 'या नाटकाचा तुला काय अर्थ लागतो?' आमच्याकडे विचारलं जातं, 'किती वेळात होईल?'

निर्मात्यांची बाजू मी नेहमी ऐकत आलो आहे आणि ती पोकळ नाही. प्रेक्षक नटाचा चेहरा बघून येतो, तिकीट खिडकी त्यावर चालते, प्रयोग लागला नाही तर तोटा तुमचा होतो, चित्रकाराचा होत नाही. मान्य. पण चेहरा पोस्टरवर नको असं मी म्हणतच नाही. 'जिस्मोंदा'त बर्नहार्टच आहेत. न्यूयॉर्क शेक्सपिअर फेस्टिव्हलसाठी पॉल डेव्हिस यांनी १९७० च्या दशकात जी पोस्टर रंगवली त्यांत नटांचे चेहरेच आहेत. 'थ्रीपेनी ऑपेरा'साठी त्यांनी रंगवलेला राउल हूलिया पाहिला की हा माणूस आपला खिसा आणि जीव दोन्ही घेऊन जाईल असं वाटतं. नट ओळखू येतो आणि पात्रही दिसतं. तक्रार आहे ती पाच नटांचे पाच वेगवेगळ्या दिवशी, पाच वेगवेगळ्या उजेडांत काढलेले फोटो कापून एका ओळीत उभे करण्याबद्दल. त्यात कुणी कुणाकडे बघत नाही. नाटकात ही माणसं एकमेकांशी काय करतात याचा मागमूस नसतो. आणि ज्याच्या नावाचा फॉण्ट दुसऱ्यापेक्षा लहान झाला त्याचा फोन रात्री येतोच.

नट-नट्यांना रेखाटताना त्यांना हालताना पाहणं हेही तालमीला येण्याचं कारण आहे. ॲल हर्शफेल्ड यांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे नट जवळजवळ सगळं आयुष्यभर रेषांत पकडले. एका रेषेत खांदा, कंबर, पाय आणि त्यातून नटाची चाल. नाट्यगृहाच्या अंधारात बसून खिशातल्या कागदावर खुणा करायच्या आणि मग घरी येऊन चित्र काढायचं, ही त्यांची पद्धत. २००३ मध्ये, शंभरीला काही महिने उरले असताना ते गेले, आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. चित्रकाराचं नाव नाट्यगृहाला! मला नाट्यगृह नको. श्रेयनामावलीत एक ओळ हवी आहे.

नावाचा मुद्दा मी मुद्दाम मधेच आणतो, कारण तो शेवटी ठेवला की किरकोळ वाटतो. पुस्तकाच्या आतल्या पानावर मुखपृष्ठकाराचं नाव छापलं जातं. नाटकाच्या पोस्टरवर, जाहिरातीत, प्रयोगाआधीच्या निवेदनात रंगभूषा, केशभूषा, ध्वनिसंयोजन, नेपथ्यनिर्मिती, सूत्रधार या सगळ्यांची नावं येतात आणि यायलाच हवीत. पोस्टर करणाऱ्याचं नाव कित्येकदा त्यानं स्वतः कोपऱ्यात बारीक अक्षरांत घातलेलं असतं आणि 'तिथे लोगो टाकायचाय' म्हणून तेही काढायला सांगतात. कलाकृतीवर कर्त्याचं नाव असणं आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ न देणं, हा हक्क लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ पासून लिहिलेला आहे. म्हणजे मी काही नवं मागत नाही.

मोडतोडीचाही अनुभव आहे. एका नाटकासाठी केलेलं चित्र काही काळानं मी दुसऱ्याच नाटकाच्या पोस्टरवर पाहिलं. आडवं उलटवलेलं, रंग बदललेला, हातातली वस्तू पुसून तिथे दुसरी बसवलेली. विचारलं तर उत्तर मिळालं, 'तुम्हाला पैसे दिले होते ना?' पैसे त्या नाटकाच्या त्या पोस्टरचे दिले होते. याच्या मागे दुष्टावा होता असं मला आजही वाटत नाही. चित्र म्हणजे विकत घेतलेला माल, हा समज होता. म्हणून कागदावर लिहिणं गरजेचं आहे: चित्र कुठे वापरणार, किती काळ, पुस्तिका, कपडे किंवा इतर वस्तूंवर छापणार का, दुसऱ्या भाषेत नाटक गेलं तर काय, आणि मूळ कागद कुणाकडे राहणार. करार एका पानात मावतो. त्यानं संबंध बिघडत नाहीत. बिघडतात ते न बोललेल्या गोष्टींनी.

पैशाबद्दल थोडक्यात. अर्धी रक्कम रेखाटनं सुरू करताना आणि अर्धी अंतिम फाइल देताना, ही रीत इतर सगळीकडे चालते, इथेही चालावी. रेखाटनं पसंत पडली नाहीत तर ती नाकारायचा तुमचा हक्क पूर्ण आहे, पण झालेल्या कामाचे पैसे द्यावेत. नाकारलेलं काम वाईटच असतं असंही नाही. विल्यम निकल्सन आणि जेम्स प्राइड या मेहुण्यांनी 'बेगरस्टाफ' या नावानं १८९५ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरसाठी 'डॉन किहोते'चं पोस्टर कापलेल्या कागदाच्या सपाट आकारांतून केलं. ते वापरलंच गेलं नाही. आज पोस्टरच्या इतिहासात ते मानानं दाखवलं जातं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे निर्णय कोण घेणार. रेखाटन गेलं की ते निर्मात्याकडून सहनिर्मात्याकडे, तिथून मुख्य नटाकडे, प्रायोजकाकडे आणि कुणाच्या तरी घरच्या ग्रुपवर जातं. प्रत्येकाची एकेक सूचना परत येते आणि प्रत्येक सूचना सुटी पाहिली तर रास्तच वाटते. सगळ्या पाळल्या की चित्रातलं जे काही बोलत होतं ते गप्प होतं. दिग्दर्शक आणि निर्माता अशा दोघांनी मिळून एक मत द्यावं, बाकी सगळ्यांचं ऐकून घेऊन द्यावं, पण ते एक असावं. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर थिएटरसाठी जेम्स मॅकमलन १९८६ पासून कित्येक वर्षं जलरंगात पोस्टर करत राहिले. तिथल्याच पब्लिक थिएटरसाठी पॉला शेर यांनी १९९४ मध्ये ठसठशीत अक्षरांची जी दृश्यभाषा आणली ती इतकी ओळखीची झाली की इतरांनी तिच्या नकला केल्या. दोन्ही ठिकाणी एक संस्था आणि एक कलावंत यांनी एकमेकांना वेळ दिला. दर नाटकाला नवा, स्वस्त आणि लवकर देणारा माणूस शोधला तर अशी ओळख तयार होत नाही.

हल्ली फोनसोबत आणखी एक गोष्ट येते. कुणीतरी एआयवर चित्र बनवून पाठवतं आणि म्हणतं, 'असं काहीतरी करा, फक्त तुमच्या स्टाइलमध्ये.' मी यंत्राच्या विरोधात नाही. दगडावर चित्र काढून रंगीत लिथोग्राफी करणं हेही एकेकाळी नवं यंत्रच होतं आणि ज्यूल शेरेसारख्या पोस्टर-चित्रकारानं त्यातून रस्त्यांवर चित्रं आणली. पण पाठवलेलं ते चित्र आधीच्या हजारो पोस्टरांची सरासरी असतं. घराच्या नाटकाला तडा गेलेली भिंत आणि किल्लीच त्यात येणार, जी मलाही पहिल्या बैठकीत सुचली होती. तालमीत ऐनवेळी पुढे गेलेला हात त्यात येणार नाही, कारण तो तुमच्या खोलीतच घडला आणि दुसऱ्या कुणी पाहिलाच नाही. तुमचं नाटक इतर नाटकांसारखं नाही असं तुम्हीच मुलाखतींत सांगता. मग पोस्टर इतरांसारखं का चालावं?

पोस्टर आता फोनवर पाहिलं जातं, मग इतकी मेहनत कशाला, हा युक्तिवादही ऐकतो. मी पहिली रेखाटनं कायम टपाल तिकिटाएवढीच काढत आलो आहे. तेवढ्या जागेत आकार कळला नाही तर मोठ्या कागदावरही तो कळत नाही, हे जुनं शिक्षण आहे. भिंतीवरचं पोस्टर रस्त्यापलीकडून दिसतं तेव्हा तेवढंच दिसतं. उलट आजची अडचण वेगळी आहे: उभं पोस्टर, आडवा फलक, चौकोनी चित्र, वर्तमानपत्रातली काळी-पांढरी पट्टी, हलती आवृत्ती. ही यादी पहिल्या दिवशी मिळाली तर रचना त्या सगळ्यांना पुरेल अशी करता येते. पोस्टर छापून झाल्यावर मिळाली तर एकाच चित्राचे तुकडे होतात.

नव्या मुलांविषयी मला खरी काळजी वाटते. कला महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांत नाटकाचं वेड असलेली, हात चांगला असलेली मुलंमुली आहेत. एकांकिकांची पोस्टर ती हौसेनं, फुकट करतात. दोन-तीन वर्षं व्यावसायिक नाटकांना काम देतात, उशिरा पैसे, नाव नाही, रात्रीच्या दुरुस्त्या हे सगळं पाहतात आणि ॲनिमेशनकडे, गेमकडे, जाहिरात कंपन्यांकडे निघून जातात. त्यांना दोष कसा देणार? तिथे त्यांना बैठकीला बोलावतात, त्यांचं मत विचारतात. पोस्टरचं काम शिकायला वेळ लागतो. चित्र येणं वेगळं, अक्षर येणं वेगळं आणि नाटक वाचता येणं आणखी वेगळं. तिन्ही एका हाती यायला वर्षं जातात आणि तेवढी वर्षं माणूस टिकला पाहिजे.

आमच्या बाजूनंही काही देणं लागतं. संहिता दिलीत तर ती वाचून यावं. तालमीत मोबाइल बंद ठेवून, कुणाच्या वाटेत न येता बसावं, पाहिलेलं बाहेर बोलू नये. नटांची आणि तंत्रज्ञांची नावं पुन्हा पुन्हा तपासावीत, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक झालेलं नाव ज्याचं असतं त्याला ते पोस्टर घरी लावता येत नाही. दिलेली तारीख पाळावी. आणि दिग्दर्शक म्हणाला की हे माझ्या नाटकाचं चित्र नाही, तर ते ऐकावं. नेपथ्यकारही ऐकतोच.

आणखी एक काम आहे, ते आजच करता येईल. तुमच्या कार्यालयात, गोदामात, नेपथ्याच्या सामानामागे जुन्या पोस्टरांच्या गुंडाळ्या पडल्या असतील. प्रयोग संपले, नट पांगले, नेपथ्याची लाकडं दुसऱ्या नाटकात गेली; त्या नाटकांचं जे काही उरलंय त्यात ते कागद आहेत. प्रत्येकाची एकेक प्रत सपाट ठेवा, मागे पेन्सिलीनं वर्ष, दिग्दर्शक आणि ठाऊक असेल तर चित्रकाराचं नाव लिहा. ठाऊक नसेल तर जुन्या मंडळींना विचारा, ती आहेत तोवर.

येत्या हंगामातलं एक नाटक निवडा आणि त्यात पोस्टरचं काम पहिल्या वाचनापासून सुरू करा. सगळी नाटकं लगेच नकोत, एकच. मला बोलावलंत तर आनंदच आहे. दुसऱ्या कुणाला बोलावलंत तरी माझं काही म्हणणं नाही. बोलावताना संहिता आणि तालमीचं वेळापत्रक तेवढं पाठवा. कराराचं आणि मानधनाचं त्याच भेटीत बोलू.

आपला,
नाटकांची पोस्टर करणारा एक इलस्ट्रेटर